कल्हई, झाळ की मोड?

जुन्या भांड्याचं पुढे काय करायचं, याची आपल्या बाजारात तीन उत्तरं ठरलेली होती. आतली कथलाची परत उडाली, तर कल्हई. बारीक भोक पडलं किंवा सांधा सुटला, तर झाळ. आणि तळच गेला, तर मोड; म्हणजे भांडं तराजूत घालायचं, धातूच्या वजनाचे पैसे वळते करून घ्यायचे आणि नवं आणायचं. या तिन्हींत भावनेला फारशी जागा नव्हती. आजीचा हंडा असला तरी तळ गेला की तो मोडीतच जायचा. आणि नुसती कल्हई उडालेली परात कुणी फेकून दिली असती, तर आळीत चर्चा झाली असती.

गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न आला तो भांड्याचा नव्हे, पेट्रोलच्या टाकीचा. गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. आजोबा वीज मंडळात होते. कोराडीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला तोही १९७४ सालीच, त्यामुळे दोघींची वयं आमच्याकडे एकत्रच मोजली जातात. करोनाच्या काळात गाडी पोर्चमध्ये उभी राहिली आणि मग चारेक वर्षं राहिलीच. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. इंजिन सुरू झालं, पण दोन किलोमीटरवर बंद पडलं. कार्ब्युरेटर उघडला तर आत विटकरी गाळ. फिल्टर बदलला, पुन्हा तेच. रोग टाकीत होता.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्या धंद्यात 'जुना कोड सुधारायचा की नव्यानं लिहायचा' हा वाद रोजचा असतो. पण तिथे चूक झाली तर सर्व्हर बसतो. इथे मागच्या सीटच्या पलीकडे पेट्रोलची टाकी असते आणि सीटवर बहुतेक वेळा आई बसलेली असते. म्हणून टाकी दुरुस्त करायची की बदलायची, हे ठरवण्याआधी मी जरा मागे जाऊन पाहिलं. ही टाकी कशी बनली, इतकी वर्षं कशी टिकली आणि आता का सडली? उत्तरात रसायनशास्त्र निघालं, आणि देशाचा इतिहासही.

पर्याय नसलेला देश

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार होता आणि १९४७ पासून डॉज, प्लिमथ गाड्या तिथे जुळवल्या जाऊ लागल्या. जुळवल्या म्हणजे सुटे भाग बाहेरून यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. जनरल मोटर्स मुंबईत हेच काम १९२८ पासून करत होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं विचारलं, नुसतं जुळवणार की इथे बनवणारही? १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धोरण ठरलं की, ज्यांच्याकडे देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी निघावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरल्या त्यांत मोटारगाड्यांपुरती मुख्य नावं तीन : कोलकात्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर. प्रीमियरनं इटलीच्या फियाटचा हात धरला. १९५४ पासून फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिचंच 'डिलाइट' हे रूप आलं. पुढे फियाटचं नाव गेलं, गाडी काही काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नाव बदललं, पण पत्रा, १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तोच. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं, तोवर मूळ आराखडा तोच होता.

परवाना राजबद्दल आपण पुस्तकात वाचतो ते 'मागासलेपण' याच शब्दात. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची, हे खरंच होतं. पण या वाट पाहण्याची एक दुसरी बाजू आहे. पस्तीस वर्षं जवळपास एकच गाडी बनत राहिल्यामुळे तिची दुरुस्ती हे देशभर पसरलेलं ज्ञान झालं. वर्ध्यात बंद पडो की गोंदियात, हिचा पत्रा, हिचा पंप, हिची टाकी माहीत असलेला माणूस कोपऱ्यावर भेटायचा. नवी गाडी मिळत नसे, म्हणून जुनी मरू देणं परवडत नसे. दुरुस्ती करणं हा आजोबांच्या पिढीचा स्वभाव होता असं आपण कौतुकानं म्हणतो. पण त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, हेही खरं.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि तिथून हे बदलायला लागलं. १९९१ नंतर तर वेगानं. सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं स्वस्त झालं, आणि तो दुरुस्त करणाऱ्याची पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली.

टाकीतली कल्हई

आता टाकीकडे. विसाव्या शतकात जगभरच्या मोटारींच्या टाक्या साधारणपणे एका खास पत्र्याच्या असत. आत लोखंडी पोलाद, वर शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा पातळ थर. शिसं बरंच, कथील थोडं. इंग्रजीत याला 'टर्न प्लेट' म्हणतात. कथील पोलादाला धरून ठेवतं आणि शिसं पेट्रोलपुढे टिकतं. शिवाय असा पत्रा सहज झाळता येतो.

थोडक्यात, टाकीला आतून कल्हई असते.

कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं पुसत नेतो. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि तांब्यावरची काजळी खाऊन टाकतं. धातू लख्ख झाल्याशिवाय कथील धरत नाही. टाकीच्या पत्र्यावरचा थर कारखान्यात बसे, पण नियम हाच. मात्र एक मोठा फरक आहे. तांब्याची कल्हई उडाली तर आंबट पदार्थ कळकतो, पण भांडं शाबूत राहतं. पोलादावरचा थर उडाला की उघड्या लोखंडाला गंज लागतो, आणि गंज थांबत नाही. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, पापुद्रे धरून सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पाडतो.

पेट्रोलमध्ये पाणी कुठून येतं? हवेतून. टाकी श्वास घेते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा टाकीतली वाफ बाहेर पडते; रात्री गारवा आला की हवा आत ओढली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ती हवा दमट असते. टाकी अर्धी रिकामी असेल तर पाण्याला थेंब धरायला भरपूर पत्रा मिळतो. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं, पाणी एक किलो. म्हणून पाणी तळाशी जाऊन बसतं आणि टाकी नेहमी खालूनच सडते. चार पावसाळे उभी राहिलेली गाडी म्हणजे चार वर्षं चाललेला हा प्रयोग.

मानेवाड्याकडच्या एका जुन्या रेडिएटरवाल्या काकांकडे आम्ही टाकी नेली. पेट्रोलच्या टाक्या झाळायचं कामही हेच लोक करतात, कारण रेडिएटर आणि टाकी या दोन्हींचं शास्त्र कथील-शिशाचं. काकांनी आधी तिला हातही लावला नाही. म्हणाले, "पाणी भरून ठेव दोन दिवस. भरलेल्या टाकीले भ्यायचं नसते भाऊ, रिकामीले भ्यायचं."

हे वाक्य वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून ठेवावं असं आहे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत नेमकं हेच मिश्रण असू शकतं. जुन्या टाकीवर वेल्डिंग करताना स्फोट होतात ते यामुळेच.

टाकी धुऊन, वाळवून, काटा दाखवणारा तरंगता भाग काढून आम्ही आत बॅटरीवरचा एलईडी सोडला आणि शटर खाली ओढलं. अंधारात टाकीचा तळ चमकायला लागला. सतरा-अठरा ठिपके असतील. वरच्या अर्ध्या भागात मात्र तो राखाडी थर अजून होता, पन्नास वर्षांचा, बोटानं घासला तर मऊ लागणारा. काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक तळावर ठोकत नेलं. काही ठिकाणी 'टण्' आवाज आला, काही ठिकाणी 'थप्प'. थप्प म्हणजे पत्रा कागद झालाय.

"वरून नवी दिसून रायली, खालून चाळणी झाली," काका म्हणाले. "मी झाळून देतो. पण एका भोकाले डाग दिला तर बाजूचं उघडते. वर्षभराच्या वर बोली नाही देत."

पेट्रोल बदललं

बाबांचं म्हणणं होतं की वर्षभर तर वर्षभर. झाळायला नव्या टाकीच्या निम्म्याहून कमी खर्च, आणि टाकी मूळची राहते. मलाही ते पटत होतं. अडचण टाकीत जे ओतायचं त्याची होती.

ही टाकी ज्या पेट्रोलसाठी बनली, ते पेट्रोल आता मिळत नाही. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. २००० सालापासून ते देशभर बंद झालं आणि चांगलंच झालं. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल आलं आणि आज बहुतेक पंपांवर तेच आहे. साधं पेट्रोल निवडण्याची मुभा मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

ऊस आणि धान्यातून येणारं इंधन, आयात तेलाची बचत, शेतकऱ्याच्या हातात पैसा, ही बाजू विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. नितीन गडकरी नागपूरचेच खासदार, त्यामुळे इथेनॉलवरची भाषणं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. प्रश्न धोरणाचा नाही, पत्र्याचा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून इंजिनात जाळलं जातं, म्हणजे रोज चालणाऱ्या गाडीला थोडा फायदाच. पण गाडी महिनोन् महिने उभी राहिली आणि मर्यादा ओलांडली, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी थर करून बसतात. हा थर नुसत्या पाण्यापेक्षा वाईट. जुन्या रबरी नळ्या फुगतात ते वेगळंच. टाकीच्या आतून लावायचे एपॉक्सीचे लेपही सगळे टिकत नाहीत; इथेनॉल गृहीत न धरता बनवलेले जुने लेप त्यात मऊ होऊन सुटतात आणि पापुद्र्यांसकट कार्ब्युरेटरपर्यंत पोचतात.

म्हणजे आजोबांच्या काळी जी झाळ दहा वर्षं टिकली असती, तिला आज काका वर्षाची बोली देतात, ते उगाच नाही. हात तोच आहे, बाहेरची परिस्थिती बदलली आहे.

वापरातलं की फडताळातलं?

इथे कायदाही एक प्रश्न विचारतो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी, मूळ रूपात असलेली, जिच्या चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नोंदणीचे वीस हजार, मुदत दहा वर्षं. आमची गाडी नुकतीच या वयात आली आहे. टाकीचा उल्लेख या यादीत नाही, त्यामुळे ती बदलली तरी पात्रता जात नाही.

पण अट अशी की ही गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे पेट्रोल भरायला जाता येतं, पण ते पेट्रोल जाळत सकाळी तर्री पोहे खायला जाता येत नाही.

दुसरा रस्ता साध्या फेरनोंदणीचा. पंधरा वर्षांवरच्या गाडीसाठी याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीसाठी २०२५ मध्ये दहा हजार. तंदुरुस्तीची तपासणी द्यायची, पुढची पाच वर्षं गाडी चालवायची.

दिल्लीत लालबहादूर शास्त्रींच्या स्मारकात त्यांची १९६४ ची फियाट ठेवली आहे. बारा हजारांची गाडी, त्यातले पाच हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. शास्त्रीजी गेल्यावर ते ललितादेवींनी फेडलं. त्या गाडीची टाकी बदलायचं कुणाच्या मनातही येणार नाही, आणि येऊही नये. ती आता कागदपत्रासारखी आहे. तिचं काम फक्त तसंच राहणं. याउलट मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी बघा. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर उरली नाही. त्यांचं काय दुरुस्त होण्यासारखं होतं, हे कुणी विचारलंच नाही. तारीख आली आणि मोड झाली.

या दोन टोकांच्या मध्ये आमच्यासारख्या गाड्या आहेत. त्यांच्यासाठी जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची, फिवाची, २०१३ ची 'ट्युरिन सनद' मला उपयोगी वाटली. तिचा सूर असा : जमेल तेवढं मूळचं राखा, बदलावंच लागलं तर बदललेला भाग ओळखू येऊ द्या आणि काढलेला मूळचा भाग जपून ठेवा. जुन्या इमारतींबद्दल १९६४ मध्ये व्हेनिसला जे ठरलं होतं, त्याचाच हा मोटारीपुरता विस्तार.

मी बाबांना एकच विचारलं. गाडी चालवायची आहे की ठेवायची आहे?

बाबा म्हणाले, "चालवायची. ठेवायला भिंत आहे ना, तिथे तुझ्या आजोबांचा फोटो आहे."

मग उत्तर आपोआप ठरलं. कल्हईची काळजी रोज शिजणाऱ्या भांड्याची करायची असते, फडताळातल्या भांड्याला ती लागत नाही. आणि रोज चुलीवर जाणाऱ्या भांड्याचा तळ गेला असेल, तर ते आजीचं आहे म्हणून त्यातून आमटी गळू देत नाहीत. गाडी नुसती ठेवायची असती, तर मी टाकी सायट्रिक आम्लानं साफ करून, काकांकडून झाळून, कोरडी जपली असती. चालवायची, आईला मागे बसवून चालवायची, ई-२० भरून चालवायची, तर मोड.

नमुना

नवी टाकी दुकानात मिळत नाही. पाव शतकापूर्वी बंद झालेल्या गाडीची कशी मिळेल? कबाड्याकडे एक होती, पण तीही तळातून थप्प वाजली. शेवटी हिंगणा एमआयडीसीत दूध-मिठाईवाल्यांसाठी स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका पोरानं काम घेतलं. पोरगा माझ्याच वयाचा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको, इथेनॉल जस्ताला खातं, यावर आमचं दोघांचं लगेच जमलं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस ठरलं. स्वयंपाकघरात जे झालं तेच इथे झालं : स्टील आलं आणि कल्हईवाल्याची हाक बंद झाली. दर नव्या टाकीबरोबर काकांच्या झाळीची गरज एकानं कमी होते, हे मला दिसत होतं. मी कामाला काकांनाच सोबत नेलं. पोराला वेल्डिंग येत होतं, पण आतला आडवा पडदा कुठे लागतो, नळीचं तोंड तळापासून किती वर ठेवायचं म्हणजे गाळ ओढला जाणार नाही, तरंगत्या काट्याला अर्थिंग कुठून द्यायचं, हे काकांनाच ठाऊक होतं. पोरगा ते मोबाइलवर रेकॉर्ड करत होता.

जुनी टाकी कापली नाही. तिच्यावरूनच मापं घेतली, पुठ्ठ्यावर आकार उतरवला. आता ती धुऊन, तेलाचा हात फिरवून पोर्चच्या माळ्यावर आहे. तिच्यावर मी काढल्याची तारीख लिहून चिठ्ठी बांधली आहे. नव्या टाकीच्या कडेवर पोरानं साल कोरलं, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी गाडी उघडली तर फसणार नाही.

पुठ्ठ्याचा नमुना मात्र मी परत आणला नाही. पोरानंच मागून घेतला. म्हणाला, "राहू दे ना भाऊ इथंच. अमरावतीची एक पद्मिनी येऊन रायली पुढच्या हप्त्यात, तिचीही टाकी गेली म्हणते." काका त्याला सांगत होते की आधी तिच्यात अंधारात लाइट सोडून पाहा, वाजवून पाहा. कदाचित तिला नुसत्या झाळीनंच भागेल.